चोर सोडून संन्याशाला सुळी?

“न्यायालयाने सोडला म्हणून काय झाले? काही केल्याशिवाय का पोलिसांनी धरला असेल?” हे वाक्य आपल्या समाजात इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, त्यात काही अनुचित आहे अशी शंकादेखील बोलणाऱ्यास येत नाही. कीर्तन संपल्यावर सभामंडपात रेंगाळणारी मंडळी ते बोलतात. दिवाणखान्यात वर्तमानपत्र चाळणारे गृहस्थ बोलतात. आणि खेदाची गोष्ट ही की, काळा डगला चढवून रोज न्यायालयाची पायरी चढणारे काही वकीलही ते बोलतात. आम्ही आज या वाक्याविरुद्ध लिहीत आहोत. हे वाक्य निरुपद्रवी आहे असे आम्हांस वाटत नाही. या वाक्याच्या आधारावर आपल्या देशात निरपराध माणसे वर्षानुवर्षे गजांआड राहतात, आणि हे पाप एकट्या पोलिसांच्या माथी मारून आपल्या प्रतिष्ठित समाजास मोकळे होता येणार नाही, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम बालाघाटची हकीकत सांगतो. हा जिल्हा आज मध्यप्रदेशात असला तरी मराठी वाचकांस परका नाही. वैनगंगेच्या काठचा हा मुलूख १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या प्रांतात होता. त्याची अपिले नागपूरच्या उच्च न्यायालयात चालत. गोंदियाची शीव ओलांडली की हा जिल्हा लागतो, आणि लांजी-वारासिवनीच्या बाजारात आजही मराठी कानी पडते. पूर्वेकडे बैहरच्या डोंगरपट्टीत गोंड आणि बैगा यांची वस्ती आहे; जिल्ह्याच्या लोकसंख्येत आदिवासींचे प्रमाण पाचांत एकाहून अधिक आहे. अशा या जिल्ह्यातील एक गोंड तरुण भोपाळच्या गांधी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होता. वैद्यकीच्या अखेरच्या वर्षात असताना, २००८ मध्ये, एका तरुणीच्या खुनाच्या आरोपावरून त्याला अटक झाली. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला जन्मठेप ठोठावली. त्याचे अपील जबलपूरच्या उच्च न्यायालयात निकालास लागले ते ४ मे २०२२ रोजी. न्या. अतुल श्रीधरन आणि न्या. सुनीता यादव यांच्या खंडपीठाने त्याला निर्दोष ठरविले. केवळ पुरावा अपुरा म्हणून सोडून दिले, असे झाले नाही. या तरुणास खोटेपणाने गोवावे याच एका हेतूने तपास केला गेला, असा ठपका न्यायालयाने पोलिसांवर ठेवला, आणि राज्याने त्याला ४२ लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश दिला. तोवर त्याच्या आयुष्यातील सुमारे १३ वर्षे तुरुंगात सरली होती. त्याचे नाव आम्ही येथे मुद्दामच देत नाही; डागाळलेले नाव त्याला इतक्या वर्षांनी उजळून मिळाले, ते त्याचे त्याच्यापाशी राहू द्यावे.

तपास करणाऱ्यांच्या मनात या तरुणाच्या जमातीविषयी काय होते, हा वाद आम्ही घालत नाही. दुसऱ्याच्या मनात शिरून कोणी पाहिले आहे? आमचा मुद्दा निराळा आहे. ज्याच्या पाठीशी धनवान आप्त नाहीत, ज्याच्यासाठी शहरातील चार वजनदार माणसे रदबदली करीत नाहीत, त्याच्याविरुद्ध असा तपास रचणे सोपे जाते. आणि रचलेला तपास तेरा वर्षे कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. डोंगरातल्या गोंडाचा मुलगा डॉक्टर होणार होता, याचे कौतुक करणारे जेवढे भेटले नसतील, त्याहून अधिक लोकांनी त्याच्या अटकेची वार्ता वाचून निःशंकपणे मान डोलावली असेल.

हे एकच उदाहरण असते तर अपवाद म्हणून सोडून देता आले असते. पण महाराष्ट्रातील भोकरदनचा खटला पाहावा. जालना जिल्ह्यात जून २००३ मध्ये एका गरीब कुटुंबावर दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली, आणि स्त्रियांवर अत्याचार झाला. कृत्य राक्षसी होते, गुन्हेगारांस जबर शासन व्हावे असे कोणाही सज्जनास वाटावे. भटक्या जमातीतील सहा मजूर धरले गेले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांस फाशी सांगितली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सवलतही काढून घेतली आणि सहाही जणांस पुन्हा फाशीच्या कोठडीत धाडले. त्यांतील एक जण गुन्ह्याच्या वेळी वयाने अज्ञान होता! अखेर ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी, न्या. सिक्री, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. शहा यांनी, हा सारा डोलारा उलटवला. जिवंत राहिलेल्या साक्षीदार स्त्रीने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या संग्रहातील छायाचित्रांवरून दुसऱ्याच चार इसमांस ओळखले होते. त्या चौघांचा माग काढण्यात आला नाही, आणि ही गोष्ट दडपण्यात आली. आरोपी भटक्या जमातीचे, समाजाच्या खालच्या थरातले, अत्यंत गरीब मजूर होते, आणि म्हणून त्यांना खोटेपणाने गोवले गेले असण्याचा संभव नाकारता येत नाही, असे न्यायालयानेच नमूद केले. निःपक्षपाती तपास आणि निःपक्षपाती खटला हा घटनेच्या २१ व्या कलमाने दिलेला हक्क यांना मिळालाच नाही, असा निष्कर्ष निघाला. प्रत्येकास ५ लाख रुपये भरपाई देण्याचा आणि दोषी तपास-अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचा आदेश झाला. सोळा वर्षे या माणसांनी तुरुंगात काढली होती, त्यांतील बरीच फाशीच्या छायेत. आणि ज्यांनी खरोखर ते पाच जीव घेतले, ते कोठे गेले? चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण आपण हसत वापरतो. आजकाल संन्याशाला कोणी सुळी देत नाही; त्याच्या भगव्या वस्त्रांस मान आहे. सुळाची पाळी येते ती ज्याच्या वस्त्रांस मान नाही त्याच्यावर.

आपल्या सुशिक्षित वर्गात अमेरिकेतील एका कादंबरीचे मोठे कौतुक आहे. हार्पर ली या बाईंनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीत अलाबामा राज्यातील एका काल्पनिक गावच्या न्यायालयाचे चित्र आहे. टॉम रॉबिन्सन हा निग्रो मजूर आपल्या लुळ्या डाव्या हाताने तो गुन्हा करूच शकला नसता, हे डोळ्यांदेखत सिद्ध होते, आणि तरीही गोऱ्या पंचांची ज्यूरी त्याला दोषी ठरवते. या प्रसंगाने आमचे वाचक हळहळतात, आणि मग समाधानाने म्हणतात, “तिकडे वर्णद्वेष भयंकर! आपल्याकडे असले काही नाही. आपल्याकडे ज्यूरीही उरली नाही. शिकलेसवरलेले न्यायाधीश पुरावा पाहून निकाल देतात.” हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. कादंबरीतला खटला काल्पनिक असला तरी त्या राज्याचा इतिहास काल्पनिक नव्हता, हेही खरे. १९३१ मध्ये अलाबामात नऊ कृष्णवर्णी मुलांवर अशाच आरोपाचा खटला घाईने उरकण्यात आला, त्यांतील आठांस फाशी सुनावण्यात आली, आणि त्यांना धड वकील मिळाला नाही म्हणून १९३२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयास तो निकाल रद्द करावा लागला. परंतु अलाबामात पूर्वग्रह ज्यूरीच्या बाकावर बसला होता म्हणून ज्यूरी नसलेल्या देशात तो असणारच नाही, असे समजणे भोळेपणाचे आहे. त्याला बसायला दुसरी जागा सापडते. आपल्या न्यायाधीशासमोर येतो तो कागद. तो कागद ठाण्यात लिहिला जातो. फिर्याद कोणाविरुद्ध नोंदवायची, छापा कोणत्या वस्तीवर घालायचा, कोणाचा जबाब टिपायचा आणि कोणाचा वगळायचा, कोणते छायाचित्र पुढे करायचे आणि कोणते कपाटात ठेवायचे, हे सारे न्यायाधीश आसनावर बसण्यापूर्वी ठरून गेलेले असते. भोकरदनच्या खटल्यात तीन न्यायालये एकामागून एक चुकली, ती न्यायाधीश दुष्ट होते म्हणून नव्हे. त्यांच्यापुढे जे आले ते त्यांनी तपासले. जे आले नाही ते कोण तपासणार?

परक्या देशाच्या कादंबरीकडे जाण्याचीही आवश्यकता नाही. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ आपल्याच घरचे आहे, आणि गोविंद बल्लाळ देवलांमुळे ते मराठी रंगभूमीवर रुळले. त्याच्या नवव्या अंकातील न्यायसभा आठवावी. राजाचा शालक शकार स्वतः वसंतसेनेचा गळा दाबतो आणि चारुदत्तावर खुनाची फिर्याद आणतो. न्यायाधिकारी आज फिर्याद घेता येत नाही असे म्हणताच शकार त्याला जागेवरून काढविण्याची धमकी देतो, आणि फिर्याद त्याच दिवशी उभी राहते. मैत्रेयाच्या काखेतून वसंतसेनेचे दागिने भर सभेत गळून पडतात, आणि पुरावा पूर्ण झाला असे सर्वांस वाटते. न्यायाधिकारी दुष्ट नाही. त्याला चारुदत्ताविषयी आदर आहे. तरीही पुढे आलेल्या पुराव्यापुढे तो हतबल होतो. शेवटी वसंतसेना वधस्थळी जिवंत येऊन उभी राहते म्हणून चारुदत्त वाचतो.

या नाटकाकडे आम्ही लक्ष वेधतो ते दोन कारणांसाठी. पहिले असे की, चारुदत्त दरिद्री झाला असला तरी सारी उज्जयिनी त्याला ओळखत होती. हा असे करणार नाही, असे न्यायसभेलाच प्रथम वाटले. वधाकडे नेताना नगर रडले. त्याचे कुल आणि त्याची कीर्ती त्याच्या बाजूने साक्ष देत होती. जन्मामुळे ज्याच्याविषयी विश्वास वाटतो, असा माणूसही सुळापर्यंत जाऊन पोहोचतो. तर जन्मामुळेच ज्याच्याविषयी संशय वाटतो, त्याची काय कथा? दुसरे कारण असे की, दोषी ठरल्यावरही हा ब्राह्मण आहे, याचा वध होऊ नये, याला हद्दपार करावे, असे न्यायाधिकारी मनूच्या आधाराने राजास सुचवतो. शिक्षा जन्म पाहून ठरे, हे आपल्या पूर्वजांनी लपविले नाही. भारतीय घटनेने १४ व्या आणि १५ व्या कलमांत हा धागाच तोडला. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून राज्याने भेद करू नये, असे स्पष्ट अक्षरांत लिहिले. शिक्षेतला भेद त्यामुळे कागदावरून गेला. संशयातला भेद मात्र कोणत्याही कलमाने आपोआप जात नाही. तो लोकांच्या मनातून घालवावा लागतो.

संशय जन्माला चिकटविण्याचे काम इंग्रजांनी तर कायदाच करून केले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींतील मूल पाळण्यातच गुन्हेगार ठरू लागले. बालाघाटचे गोंड आणि बैगा यांची गोष्ट वेगळी आहे, हे आम्ही जाणतो. पण पारधी आणि त्यांच्यासारख्या भटक्या जमातींच्या कपाळी हा शिक्का वर्षानुवर्षे होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. परंतु कायदा गेला आणि शिक्का राहिला. काही राज्यांच्या कारागृह-नियमावल्यांत विमुक्त जमातीच्या माणसास सराईत गुन्हेगार मानण्याची सोय त्यानंतरही कित्येक दशके छापलेली होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे जातिनिष्ठ नियम घटनाबाह्य ठरविले. म्हणजे कायद्याच्या पुस्तकातून शिक्का पुसल्यानंतर तुरुंगाच्या वहीतून तो पुसण्यास बहात्तर वर्षे लागली. आणि मनाच्या वहीतून? देवळात चोरी झाली, देवीचा मुखवटा वा समईची जोडी गेली, की विश्वस्त मंडळींच्या तोंडी पहिले वाक्य कोणते येते, ते ज्याने त्याने आठवून पाहावे. “ओढ्यापलीकडे पाले पडली आहेत, तिकडे आधी बघा.” फौजदारास याहून सोपा मार्ग कोणता हवा? देवीच्या नावाने घातलेल्या त्या बोटाने कित्येक बायकापोरांच्या अंगावर रात्री काठ्या पडतात, आणि दागिना बहुधा सोनाराच्या मुशीत वितळून गेलेला असतो.

येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यावर येतो. झडती घेताना त्या भागातील दोन वा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवाशांस साक्षीस बोलवावे, असे फौजदारी कायदा फार पूर्वीपासून सांगत आला आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. प्रतिष्ठित हा शब्द नीट वाचावा. हा शब्द कोणास उद्देशून आहे? जो आपल्या गावात मान मिळवून आहे, ज्याच्या शब्दास न्यायालय किंमत देईल, अशा दुकानदारास, मास्तरास, पुजाऱ्यास, विश्वस्तास उद्देशून आहे. अलाबामाच्या ज्यूरीत बारा माणसे होती. आपल्याकडे पंचनाम्यावर दोन. हे दोन पंच जर समोर काय सापडले ते न पाहता सही करतील, जर “साहेबांनी सांगितले म्हणून केली” असे म्हणतील, तर पूर्वग्रहास बसायला जागा त्यांनीच करून दिली. ज्या कोऱ्या कागदावर प्रतिष्ठित माणूस सही करतो, त्यावर पुढे कोणाचे नाव लिहिले जाईल, हे त्याला ठाऊक नसते. पण आपले नाव लिहिले जाणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणून तर सही इतक्या सहज होते!

दुसरा मुद्दा भाषेचा आहे, आणि दोन भाषांत निघणाऱ्या या मासिकाच्या वाचकांस तो विशेष जिव्हाळ्याचा वाटावा. बालाघाटच्या न्यायालयाचा कारभार हिंदीत चालतो. डोंगरातून आलेल्या गोंड म्हाताऱ्यास हिंदी बाजारापुरती येते. खटल्यापुरती येत नाही. आरोपीस कळत नसलेल्या भाषेत साक्ष झाली, तर ती त्याला कळणाऱ्या भाषेत भर न्यायालयात समजावून द्यावी, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २७९ व्या कलमाने सांगितले होते, आणि नव्या संहितेतही तसेच आहे. पण दुभाषा मागणार कोण? जो बोलू शकत नाही, त्यानेच बोलून मागावे काय? २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख लोक होते. कोंकणी सांगणारे सुमारे २२ लाख. १९९२ मध्ये कोंकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, याचा आनंद गोमंतकाने साजरा केला आणि तो रास्तच होता. त्याहून अधिक मुखांत असलेली गोंडी आजही त्या अनुसूचीबाहेर आहे. १९६१ पर्यंत गोव्यातील न्यायालयांची भाषा पोर्तुगीज होती. आपल्याच जमिनीचा दावा आपल्याला न कळणाऱ्या भाषेत चालतो, तेव्हा मनुष्य किती लहान होतो, हे आपल्या आजोबांनी अनुभवले आहे. मग गोंडाने कोणत्या तोंडाने आपल्याकडे सहानुभूती मागावी, हे आम्ही सांगण्याची गरज आहे काय?

आणि केवळ भाषाच का? १५६० मध्ये गोव्यात जे धर्मन्यायासन स्थापन झाले आणि १८१२ पर्यंत ज्याने आपला अंमल गाजविला, त्याची रीत आठवावी. आरोपीस फिर्यादी कोण ते सांगितले जात नसे. साक्षीदार समोर आणले जात नसत. संशय हाच पुरावा आणि कबुली हाच न्याय. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास ज्या काळात न्यावी लागली, तोच हा काळ. ज्यांच्या देवांनी खाडी ओलांडली, त्यांच्या वंशजांस निःपक्षपाती खटल्याचे महत्त्व कोणा परक्याने शिकविण्याची आवश्यकता असू नये. अटकेचे कारण सांगितलेच पाहिजे, वकिलाचा सल्ला घेऊ दिलाच पाहिजे, असे घटनेचे २२ वे कलम सांगते. कोणासही स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडू नये, असे २० वे कलम सांगते. ही कलमे वाचताना आपल्या पूर्वजांस जे मिळाले नाही, त्याची ही यादी आहे, असेच आम्हांस वाटते.

या हक्कांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे, यामुळे गुन्हेगार शेफारतात, आणि ज्याचे घर लुटले गेले त्याचा कोणी विचार करीत नाही, असे म्हणतात. पाश्चात्त्यांचे म्हणाल तर आपल्या स्मृतिकारांनी व्यवहाराचे, म्हणजे खटल्याचे, चार पाद सांगितले आहेत. वादीचे कथन हा पहिला, आणि प्रतिवादीचे उत्तर हा दुसरा. उत्तराचा पाय मोडला की खटला तीन पायांवर लंगडतो, हे याज्ञवल्क्यास ठाऊक होते. गुन्हेगार शेफारतात म्हणाल, तर भोकरदनच्या खऱ्या मारेकऱ्यांस सर्वांत मोठे संरक्षण कोणी दिले? निरपराध सहा जणांस धरणाऱ्यांनी. आणि पीडितांचा विचार म्हणाल, तर वैनगंगेच्याच काठी, बालाघाटच्या खाली, देसाईगंज येथे १९७२ च्या मार्चमध्ये एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यातच अत्याचार झाल्याची फिर्याद झाली. सत्र न्यायालयाने तिलाच खोटारडी ठरविले. नागपूरच्या खंडपीठाने पोलिसांस दोषी धरले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले, कारण तिच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केला नाही. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदे-शिक्षकांनी १९७९ मध्ये उघड पत्र लिहून या निकालाचा निषेध केला, देशभर लोक उठले, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आदिवासी आरोपी असेल तर त्याच्याविरुद्धचे सारे खरे, आणि आदिवासी फिर्यादी असेल तर तिचे सारे खोटे! जो पूर्वग्रह गोंड विद्यार्थ्याचा शब्द ऐकत नाही, तोच त्या मुलीचाही ऐकत नाही. आरोपीचे हक्क आणि पीडितेचे हक्क एकमेकांचे वैरी आहेत, असे सांगणारे आपल्याला फसवीत आहेत.

कायद्यात साधने नाहीत असे नव्हे. १९७६ मध्ये घटनेत ३९-अ हे कलम आले आणि विनामूल्य कायदेसाह्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९८६ मध्ये अरुणाचलमधील एका खटल्यात, आरोपीस असे साह्य मिळू शकते हे सांगितलेच गेले नाही, एवढ्याच कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून अमलात आहे. त्याच्या १२ व्या कलमाने अनुसूचित जमातीच्या प्रत्येक व्यक्तीस आणि कोठडीतील प्रत्येक माणसास, उत्पन्न न पाहता, सरकारी खर्चाने वकील मिळतो. नव्या संहितेने तर झडती-जप्तीचे चित्रमुद्रण बंधनकारक केले आहे. असे असूनही २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा दोष अद्याप सिद्धच झालेला नाही असे. साधने कपाटात आहेत, आणि माणसे कोठडीत आहेत.

म्हणून आमचे आपल्या समाजास चार शब्द सांगणे आहे, आणि ते आम्ही स्पष्टच सांगतो. पंच म्हणून बोलावणे आले तर जावे, टाळू नये. पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि वाचल्याशिवाय सही करू नये, आणि चित्रमुद्रण चालू आहे काय, हे विचारावे. देवळात चोरी झाली तर फिर्याद अवश्य द्यावी. पण काय गेले ते सांगावे, कोणत्या वस्तीने नेले ते आपण सांगू नये. आपल्यातील वकिलांनी महिन्यातला एक दिवस जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणास द्यावा, आणि आरोपीस भाषा कळत नसेल तर दुभाषा मिळेपर्यंत साक्ष पुढे जाऊ देऊ नये. देवस्थानांनी अन्नदान करावे, तसे जामिनाअभावी अडकून पडलेल्या कच्च्या कैद्यांसाठी काही रक्कम बाजूला काढावी. बंदिमोचनासारखे पुण्य दुसरे कोणते?

नारायणराव पेशव्यांच्या वधाबद्दल रघुनाथरावांस दोषी ठरविणाऱ्या रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. बलाढ्याचा अपराध त्याच्या तोंडावर सांगणे हे धैर्य खरेच. परंतु ज्याला सारे गाव चोर म्हणते, त्याचा अपराध सिद्ध होईपर्यंत तो चोर नाही, असे गावाच्या तोंडावर सांगणे, याला त्याहून कमी धैर्य लागत नाही; आणि हे धैर्य न्यायासनावर बसलेल्यांनीच दाखवावे असे नाही. सभामंडपात बसलेल्यासही ते दाखविता येते. यापुढे कोणी आमच्या वाचकांसमोर “काही केल्याशिवाय का धरला असेल?” असे म्हटले, तर त्याला बालाघाटच्या त्या तरुणाची तेरा वर्षे आणि भोकरदनच्या सहा जणांची सोळा वर्षे मोजून दाखवावी, आणि विचारावे: ही वर्षे तुमच्या मुलाची असती, तर तुम्ही हे वाक्य बोलला असता काय?